मागितली तेवढीच पाने

सुमंगलाने स्कॅनरचे झाकण उचलले होते, तेवढ्यात विमलने मागून येऊन तिचा हात धरला.

तीन वर्षांत विमलने तिला कधी स्पर्श केला नव्हता. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिन्ही मजल्यांची लादी पुसणारी, रॅकवरची धूळ झाडणारी ही बाई सुमंगलाच्या टेबलाशी आली तर आधी बादली बाजूला ठेवायची, हात पदराला पुसायची आणि मग बोलायची. आज तिच्या अंगात कामाचा निळा कोट नव्हता. पायांतल्या दोन चपला दोन वेगळ्या जोडांच्या होत्या.

"मॅडम, एक पुस्तक पायजे."

"पुस्तक? तुझी आज रजा ना, विमल?"

"मालक हॉस्पिटलात हाईत. डॉक्टरीण म्हनती, अंगावर काय सांडलं त्याचं नाव आना. नाव कळल्याबिगर नेमकं औषद देता येत न्हाई."

सुमंगलाने तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली नाही. उभ्याउभ्याच, पुढचे मागे आणि मागचे पुढे करत तिने सांगितले ते असे. तिचा नवरा आनंदा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता, अकरा वर्षे. कारखान्यात स्टीलच्या मोठ्या टाक्या बनत. वेल्डिंग केल्यावर जोडावर काळा डाग राहतो, तो काढायला टाकीचे भाग एका हौदात बुडवत. काल चारच्या सुमाराला हौदाजवळचे पिंप कलंडले आणि त्यातले पाणी आनंदाच्या कंबरेपासून खाली सांडले, गमबुटांत गेले. आग झाली नाही, चटका बसला नाही. त्याने अंगावर दोन तांबे पाणी ओतून घेतले, विजार बदलली आणि पाळी पुरी केली. कोलवाळच्या खोलीवर येऊन जेवला. दुखायला लागले ते त्यानंतर. पहाटेपर्यंत तो उशी चावत होता. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या महेशने सहा वाजता पिकअपमध्ये घालून हॉस्पिटलला आणले.

"कातडी नुसती पांढरी पडलीया. भाजल्यागत काय दिसत न्हाई. पर काळीज उड्या मारतंय म्हनत्यात. टीव्हीवर रेघा येत्यात तसल्या, वाकड्या."

"कारखान्यात विचारलं?"

"मॅनेजर म्हनला, आमच्याकडं अॅसिड न्हाईच. साफ करायचं मीठ हाय."

"पोत्यावर नाव असणार की."

"पोतं आतल्या खोलीत फोडत्यात. ह्यांच्याकडं डबा येतो. डब्यावर नुसतं तीन नंबर लिवल्यालं."

सुमंगलाने घड्याळ पाहिले. दहा वाजून चाळीस मिनिटे.

"आणि पुस्तक कसलं म्हणालीस?"

"महेश सांगत व्हता, आदी ह्यो मीठ नव्हता. बरण्यांतनं तयार लेप यायचा. दोन वर्सामागं एक शिकाऊ पोरगा आला दोन म्हैनं. समदं वहीत लिवून घ्यायचा, मोजायचा. तो गेला आन लेप बंद झाला, मीठ सुरू झालं. तो पोरगा तुमच्या विद्यापीठातला." तिने वर, दुसऱ्या मजल्याच्या दिशेने हात केला. "ती काळ्या पुठ्ठ्याची पुस्तकं न्हाईत का, पोरं परीक्षेला लिवत्यात ती? मीच पुसते की. त्यातलंच एक आसंल त्याचं."

सुमंगलाने स्कॅनर बंद केला आणि संगणकासमोर बसली.

सव्वीस वर्षे ती हेच करत आली होती. अर्धवट नाव, चुकीचा लेखक, "निळ्या कव्हराचं होतं" एवढ्याच खुणेवर आलेला माणूस तिच्या काउंटरवरून रिकाम्या हाताने जात नसे. शोधाचा शब्द चुकला की ती त्या शब्दाशी भांडत बसत नसे. ही गोष्ट आणखी कुणाच्या हाताखालून गेली असेल, तिथे कोणत्या नावाने नोंदली असेल, असा विचार करून ती मागच्या दाराने आत शिरे.

इथे पुढचे दार बंदच होते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांची नोंद २०१९ नंतर झालीच नव्हती. ते काम करणारा निवृत्त झाला आणि जागा भरली गेली नाही. तिने तरी शब्द घालून पाहिले. गंज. पोलाद. वेल्डिंग. सफाई. शून्य. कारखान्याचे नाव घातले. शून्य.

"नाही गावत?" विमलने विचारले. तीन वर्षांत तिने उचललेला हा एकच इथला शब्द असावा.

"थांब."

प्रत्येक अहवाल जमा होण्याआधी तो उतरवून काढलेला नाही ना, हे तपासायला ग्रंथालयाकडे येतो. ते काम सुमंगलाच करत होती. त्या तपासणीच्या याद्या तिच्या संगणकात होत्या. तिने २०२३ची रसायनशास्त्राची यादी उघडली. अडतीस नावे. ती पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत खाली गेली. विमल तिच्या बोटाकडे बघत होती.

एकोणतिसाव्या ओळीवर बोट थांबले. स्टीलच्या जोडांच्या सफाईसाठी तयार लेपाला पर्याय, कारखान्यातच बनवता येईल असे द्रावण. विद्यार्थी देवेश शेटगावकर, रा. चोपडे.

तिने फाइल उघडायला क्लिक केले. फाइलच्या जागी दोन ओळी होत्या. कंपनीच्या विनंतीवरून काढून टाकली. छापील प्रत पाच वर्षे बंदिस्त.

बंदिस्त प्रती दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात होत्या आणि किल्ली मुख्य ग्रंथपालांकडे. गौरेश सर समोरच्या इमारतीत एका चर्चासत्रात होते. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांनी फोन घेतला. मागे ध्वनिवर्धकाचा आवाज होता.

"मॅडम, मी स्टेजवर आहे."

तिने चार वाक्यांत सांगितले.

"वाईट झालं हो," ते खरेच वाईट वाटल्यासारखे म्हणाले. "पण कंपनीबरोबर लेखी करार आहे. हॉस्पिटलला म्हणावं, मेलवर पत्र पाठवा. मी दुपारी आलो की लगेच उघडू."

"सर, दुपारपर्यंत तो—"

"पत्र येऊ दे मॅडम. मी नाही म्हणत नाही."

फोन बंद झाला. सुमंगलाने तो टेबलावर ठेवला. मग बांधणी विभागाच्या खणातून पेचकस काढला आणि जिना चढू लागली. विमल मागून आली.

कपाटाच्या कडीला चार स्क्रू होते. दोन निघाले. तिसऱ्याची खाच झिजलेली होती; पेचकस घसरला आणि सुमंगलाच्या तळहातावर ओरखडा उठला. तिने पुन्हा लावला, पुन्हा घसरला. वाचन कक्षातली दोन मुले माना वर करून बघू लागली. विमलने तिला हलकेच बाजूला सारले, फटीत दोन्ही हातांची बोटे घातली, एक पाय कपाटाला लावला आणि ओढले. प्लायवूड फाटल्याचा आवाज झाला. दार कडीसकट तिच्या हातात आले.

अहवाल खालच्या खणात होता. सुमंगलाने तो जमिनीवरच उघडला. चौदाव्या पानावर तक्ता होता, पहिल्याच रकान्यात नाव.

डॉक्टरचा नंबर विमलच्या मनगटावर पेनाने लिहिलेला होता. घामाने त्यातला एक आकडा पसरला होता. सात की एक ते कळेना. सुमंगलाने आधी सात लावून पाहिला. नंबर अस्तित्वात नव्हता. मग एक.

"डॉक्टर गौरवी बोलतेय."

"मी विद्यापीठ ग्रंथालयातून. आनंदा पाटील यांच्या अंगावर सांडलं त्याचं नाव मिळालंय. अमोनियम बायफ्लोराइड."

"स्पेलिंग सांगा."

सुमंगलाने एकेक अक्षर सांगितले. डॉक्टरने फोन तोंडापासून दूर करून कुणाला तरी ओरडून सांगितले. कॅल्शियम हा शब्द तीनदा ऐकू आला. मग ती परत आली. "मॅडम, पाण्यात प्रमाण किती? गरम होतं का?"

"आठ टक्के. सोबत आणखी एक आम्ल, सौम्य. वापरताना पन्नास अंश."

"आणि सांडल्यावर काय करायचं, काय होतं, तसं काही लिहिलंय? बघा ना जरा."

सुमंगलाने पाने उलटली. आलेख, तक्ते, जोडांचे आधीचे आणि नंतरचे फोटो. अनुक्रमणिकेत तसे प्रकरण नव्हते. शेवटून दुसऱ्या पानावर एक वाक्य सापडले. हातमोजे वापरावेत.

"नाही," ती म्हणाली. "तसं काही नाही."

"ठीक आहे. नाव मिळालं, तेच खूप झालं."

अकरा वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. सुमंगलाने काउंटरवरच्या सुविधाला हाक मारली. सुविधाने काही विचारले नाही, स्कूटरची चावी घेतली. विमल तिच्या मागे बसली आणि स्कूटर सुरू होताना वळून एवढेच म्हणाली, "मॅडम, दार मी मोडलं म्हनून सांगा."

ती गेल्यावर सुमंगला पुन्हा वर आली. अहवाल जमिनीवर उघडाच पडला होता. तो मिटता मिटता सुरुवातीचे पान समोर आले. ऋणनिर्देश. आई, वडील, मार्गदर्शक, कारखान्याचे व्यवस्थापक. मग एक परिच्छेद वेगळा.

*ज्या शोधनिबंधावर हे काम उभे आहे तो मला कुठेच मिळत नव्हता. आमच्या ग्रंथालयातील श्रीमती सुमंगला गावस यांनी तो एका दिवसात मिळवून दिला. त्यांच्याशिवाय हा प्रकल्प झाला नसता.*

तिने तो परिच्छेद दोनदा वाचला. चेहरा आठवायचा प्रयत्न केला. असे कितीतरी येत. किरकोळ अंगाचा, पाठीवर सॅक, काउंटरवर उभा राहून दोनदा थँक्यू म्हणणारा. तो असू शकेल, दुसराही कुणी असू शकेल.

ती खाली आली आणि दोन वर्षांपूर्वीची मेल शोधली. ती मिळायला एक मिनिटही लागले नाही. मुलाने लिहिले होते: मॅडम, मला पान ११२ ते ११७ पाहिजेत. दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वानऊला, तिचे उत्तर. सोबत पान ११२ ते ११७. त्याखाली मुलाचे उत्तर, तीन उद्गारचिन्हांचे.

लेख पान ११२ ते १२१ होता.

दुसऱ्या राज्यातल्या ग्रंथालयाने तिला संपूर्ण लेख पाठवला होता. मागणीपत्रात असतील तेवढीच पाने वाचकाला द्यावीत असा नियम होता, म्हणून शेवटची चार तिने कापली होती. मूळ फाइल महिन्याभरात पुसायची असते. ती पुसायची राहून गेली होती. सुमंगलाने ती उघडली. पान ११८वर जाड अक्षरांत उपशीर्षक होते: हाताळणी, धोके आणि प्रथमोपचार.

ती वाचत गेली. सौम्य द्रावण असेल तर सुरुवातीला वेदना नाही. त्वचेवर खूण नाही. उपाय कॅल्शियम, डॉक्टरने फोनवर तीनदा घेतलेलेच नाव. काउंटरवर एक मुलगी येऊन उभी राहिली, पुस्तक परत करायचे होते. सुमंगलाने पुस्तक घेतले, शिक्का मारला, तारीख बघितली, मुलीला हसून जा म्हणाली. मग पुन्हा वाचू लागली.

साडेचारला सुविधाचा फोन आला.

"मॅडम, गेला तो," ती म्हणाली. "चार वाजून दहा मिनिटांनी. डॉक्टरांनी खूप केलं. दोनदा हृदय बंद पडलं, दोनदा चालू केलं. डॉक्टर म्हणत होती, हेच काल रात्री कळलं असतं तर."

सुमंगला सुर्ल्याला घरी पोचली तेव्हा तिचा नवरा गोकुळदास ओसरीवर बसला होता. खाण चालू होती तेव्हा तो वजनकाट्यावर होता. खाण बंद पडल्यापासून घर तोच बघायचा. त्याने चहा आणि पोईचा पाव पुढ्यात ठेवला. चहावर साय धरली तरी तिने कप उचलला नाही.

"काय झाला गो? बरा नाय?"

तिने आनंदाचे सांगितले. दार मोडल्याचे सांगितले. गोकुळदास ऐकत होता.

"मगे तुया चांगलाच केलंय ना," तो म्हणाला. "दुसरा कोण असता तर पत्राची वाट बघत बसला असता."

ती उठून आत गेली. चार पानांचे तिने त्याला सांगितले नाही.

दोन दिवसांनी गौरेश सरांनी ज्ञापन दिले. ग्रंथालयाच्या मालमत्तेचे नुकसान आणि गोपनीयतेचा भंग. सात दिवसांत खुलासा. देताना ते ओशाळले होते. "मला वरून विचारतात, मॅडम. तुम्ही फक्त वस्तुस्थिती लिहा. सगळ्यांना कळतंय तुम्ही का केलं ते." पोलीस येऊन अहवालाची प्रत घेऊन गेले. कामगार खात्याचे निरीक्षकही येऊन गेले. दोघांनीही तिला चांगले काम केलेत म्हणून सांगितले. तो मुलगा ज्या लेखावरून शिकला त्याच्याबद्दल कुणी विचारले नाही.

खुलाशाचा मसुदा तिने चार वेळा लिहिला. प्रत्येक वेळी तो कपाटाच्या दारापाशी संपत होता.

पाचव्या दिवशी तिने देवेशला फोन केला. तो आता पुण्याजवळ नोकरीला होता. तिचे नाव ऐकताच त्याचा आवाज उजळला आणि लगेच विझला. पोलिसांचा फोन त्याला येऊन गेला होता.

"मॅडम, मी अहवालात प्रमाण दिलं होतं. पत्र्याचा नुसता एक तुकडा घेऊन, प्रयोगशाळेत. ते हौद भरून बनवतील, माणसं त्याच्याजवळ उभी करतील, हे मला..." तो थांबला. "तुम्ही पाठवलेल्या पानांत धोक्याचं काही नव्हतं. मी परत परत बघितलं. काल रात्रीसुद्धा बघितलं."

"तू सहाच पानं मागितलीस."

"मला फॉर्म्युला पाहिजे होता ना. संगणकावरच्या सारांशात तेवढ्याच भागाचे पान नंबर दिसत होते, मग मी तेच लिहिले." मग त्याने विचारले, "का मॅडम? पुढं होतं का काही?"

सुमंगला फोन कानाला लावून उभी होती. समोर वाचन कक्षात मुले माना खाली घालून वाचत होती. पंखे फिरत होते. नाही म्हटले तर मुलगा आज झोपेल, एवढे तिला दिसत होते.

"होतं," ती म्हणाली.

तिने हॅलो म्हटले, दोनदा. मग फोन ठेवल्याचे कळले.

विमल अठराव्या दिवशी आली. गावाहून, चंदगडकडून, सगळे विधी उरकून. ठेकेदाराने तिच्या जागी दुसरी बाई लावली होती. ती बाई जिन्यावर पुसत असताना विमल कडेकडेने, ओल्या लादीवर पाय न देता वर आली. कपाळ मोकळे होते. हातात पिशवी होती, रताळ्यांची.

"शेतातली हाईत," पिशवी टेबलावर ठेवत ती म्हणाली. "दुसरं काय आनू तुमाला?"

"बस, विमल."

या वेळी ती बसली. "डॉक्टरीण म्हनली, त्या मॅडमनी नाव काढलं म्हनून आमाला निदान झुंजता तरी आलं. न्हाईतर कागदावर नुसतं हार्ट अॅट्याक लिवलं आसतं. आता कारखान्यावर केस झालीया. महेश आन बाकीची मानसं सुदा बोलाय लागली." तिने पदराने तोंड पुसले. "तुमचं लई उपकार झालं. तुमाला त्या दारापायी तरास झाला म्हनं. मी साहेबास्नी सांगून जाते, दार मी मोडलं."

"नको सांगू."

"का?"

सुमंगलाने खण उघडला आणि बंद केला. पुन्हा उघडला. छापून ठेवलेली चार पाने तिने बाहेर काढली नाहीत. नुसता हात त्यांच्यावर ठेवला.

"विमल, त्या मुलाला ते कसं करायचं हे ज्या लेखातून कळलं, तो लेख मी शोधून दिला होता."

विमलने मान डोलावली, जणू त्यात काही विशेष नव्हते. "तुमचं कामच हाय की त्ये. जो मागंल त्याला द्यायचं."

"दहा पानांचा होता. त्यानं सहा मागितली. मी सहा दिली. उरलेल्या चार पानांत हे सांडलं तर काय होतं, काय करायचं, ते लिहिलं होतं." तिने खणातला हात काढला नाही. "ती चार पानं माझ्याकडे होती. मी ती कापली. नियम तसा होता, पण कापली मी. ती त्या अहवालात गेली असती तर कदाचित कारखान्यात कुणाला तरी कळलं असतं. कदाचित नसतंही. मला माहीत नाही."

जिन्यावर नवीन बाईच्या बादलीची कडी वाजली. विमल सुमंगलाकडे बघत नव्हती. टेबलाच्या कडेला धूळ होती, तिकडे बघत होती. सवयीने तिचा हात तिकडे गेला आणि मध्येच थांबला.

"म्हंजी लिवल्यालं व्हतं," ती म्हणाली.

"होतं."

"हितंच व्हतं."

"हो."

विमल उठेल असे सुमंगलाला वाटले. ती ओरडेल, रताळ्यांची पिशवी उचलेल, साहेबांच्या खोलीत जाईल. सुमंगला या सगळ्याची वाट बघत होती. विमलने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"कुठं हाईत ती पानं?"

सुमंगलाने ती खणातून काढून टेबलावर ठेवली. विमलने त्यांना हात लावला नाही.

"इंग्रजीत आसंल."

"हो."

"वाचा मग. मराठीत सांगा."

"विमल, आज नको. तू—"

"वाचा मॅडम."

सुमंगलाने चष्मा घातला. पहिले वाक्य तिने मनात दोनदा लावून पाहिले आणि मग बोलली. "हे द्रावण सौम्य असेल तर अंगावर पडल्यावर लगेच दुखत नाही. माणसाला वाटतं, नुसतं पाणी आहे."

"हां," विमल म्हणाली. "पानीच वाटलं त्येस्नी."

"त्वचा भाजल्यासारखी दिसत नाही. पांढरी पडते. म्हणून लक्षात येत नाही. दुखणं काही तासांनी सुरू होतं, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा."

"जेवून उठल्यावर. हात धुतला आन म्हनले, पायाला कसलीतरी कळ लागलीया." ती सरळ बसली होती, दोन्ही हात मांडीवर. "म्होरं."

"ते आत जातं. हाडापर्यंत. रक्तातलं कॅल्शियम कमी होतं, आणि त्यामुळे हृदयाचे ठोके..."

"वाकड्या रेघा."

"हो."

सुमंगला थांबली. पुढची ओळ तिला पाठ होती. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अक्षरे तशीच होती.

"आन ऱ्हायलंय," विमल म्हणाली. "त्या कागदावर आजून लिवल्यालं दिसतंय."

"पुढं काय करायचं ते लिहिलंय. उपाय."

"त्येच वाचा," विमल म्हणाली. "सावकाश वाचा. महेश आन बाकीची बारा मानसं आजून तितंच हाईत."

आणि पिशवीतून तिने पेन काढले, रताळ्यांची माती त्याच्यावरून झाडली, आणि लिहून घ्यायला स्वतःचा डावा तळहात उघडला.